पेंढ्याखालचा माणूस

"मग तिला कळतं ते मला का कळत नाही, बाबा?"

जालिंदर चिखलात बसल्या बसल्याच विचारत होता. उभं राहायचं त्राण कुणातच उरलं नव्हतं.

डोंगराची दरड वाडीवर आली होती. मठ वरच्या अंगाला, म्हणून वाचला. तेव्हापासून धुंडिबाबा आणि त्यांची तांबी कुत्री ढिगाऱ्यावर होती. तांबी हुंगायची, पायाने उकरायची, भुंकायची. लोक तिथे खणायचे. माणूस निघायचा, पण जिवंत एकही नाही.

"बारा वर्षं नाकाच्या शेंड्यावर ध्यान लावतोय मी," जालिंदर म्हणाला.

"शेंडाच बघत बसलास. नाक वापरायचं राहून गेलं."

एरवी यावर मठ हसला असता. आज बाबाही हसले नाहीत.

तांबी फणसाखाली पडून होती. पुढ्यात भाकरी तशीच. हाक मारली तरी कान हलत नव्हता.

मनकर्णा म्हातारी जवळ आली. तिचं घर ढिगाऱ्याच्या खालच्या टोकाला गाडलं गेलं होतं. तांबी तिकडे अजून फिरकलीच नव्हती.

"सून हाय वो माजी तितं... उठवा की हिला, म्हाराज."

जालिंदरने जाणत्याचा आव आणला. "आजी, मुक्या जनावराला आधी कळतं. खाली कुणी जिवंत नाही, म्हणून ती उठत नाही. आता देवाचं नाव घ्या."

म्हातारी मटकन खाली बसली.

बाबांनी तांबीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तिचं नाक धड आहे," ते म्हणाले. "जीव विटलाय. जे जे शोधलं ते मेलेलं निघालं. तू उठला असतास?"

बाबांनी ढिगाऱ्याच्या कडेला बोट दाखवलं.

"तो मोडका गोठा दिसतो? आत जाऊन पेंढ्याखाली पड. हूं की चूं करू नकोस."

"मी? कुत्रीची समजूत घालायला मी सोंग करू?"

"सोंग कसलं? जिवंत आहेस ना?"

जालिंदर पाय आपटत गेला. लोकांनी त्याच्यावर पेंढा लोटला, वर मोडकं दार टाकलं. आत काळोख आणि शेणाचा वास. लांबवर बाबांचा बसका आवाज येत होता. "ऊठ गं बाई... शोध."

मग तोही थांबला.

आपण किती थकलोय हे जालिंदरला तिथे पहिल्यांदा कळलं. पाठोपाठ भीती वाटली. ती कुत्री उठलीच नाही तर? आपल्याला शोधायला कुणी आलंच नाही तर? दार ढकलून बाहेर येणं त्याच्या हातात होतं. तरी भीती वाटली, अगदी लहान मुलासारखी.

...

खरखर झाली. पेंढ्यातून ओलं नाक आत आलं. तांबीने त्याचं तोंड चाटलं आणि अशी भुंकली, की सगळी वाडी धावली.

"सापडला गं! जिवंत सापडला!" बाबांनी तिला कवटाळलं. रडून सुजलेल्या डोळ्यांची माणसं तिच्यासाठी टाळ्या वाजवू लागली. तिने भाकरी खाल्ली. मग आपणहून खालच्या टोकाकडे निघाली. मनकर्णा लुगडं सावरत तिच्या मागे धावली.

जालिंदर पेंढा झटकायचाही विसरला. त्याला रडू आवरत नव्हतं.

खालून तांबी भुंकली.

"बाबा... जिवंत असेल?"

बाबांनी फावडं त्याच्या हातात दिलं.

"एक जिवंत तर निघाला. चल."