दोराचं दुसरं टोक

"पण झाडावर चढायला कधी देणार, तेवढं सांगा ना, नाना."

प्रणीतने तिसऱ्यांदा विचारलं. सयाजीनानांनी तिसऱ्यांदा ऐकलं नाही. ते दोराचा पीळ तपासत होते.

सयाजीनाना म्हणजे वाईतले झाडं छाटणारे जुने जाणकार. घरावर झुकलेली फांदी कौलाला धक्का न लावता खाली आणावी, तर त्यांनीच. सत्तरी उलटली तरी स्वतः चढत. प्रणीत त्यांच्याकडे काम मागायला आला होता. आधी दोन ठिकाणी नकार पचवून झाला होता. त्यात गडी असा शहाणा, की "काम लागलं" असं बायकोला कालच सांगून बसला होता.

"सह्याद्रीतले पंचवीस कडे चढलोय मी. गिर्यारोहणाचं प्रमाणपत्र आहे."

"आसंल."

"मग?"

"नवा गडी खाली ऱ्हातो. वर चढल्याला पडू नये म्हणून त्येचा दोर धरतो."

"दोर काय, कुणीही धरील."

नाना पहिल्यांदा हसले. दोराचं एक टोक त्यांनी प्रणीतच्या हातात दिलं, दुसरं खांद्यावर टाकलं आणि शाळेमागच्या जुन्या जांभळावर चढून पानांत दिसेनासे झाले.

"जांभूळ ठिसूळ असतंय," वरून आवाज आला. "ध्यान ठेव."

...

कड्यावर प्रणीतला स्वतःचाच जीव सांभाळायचा असे. इथे दोराच्या दुसऱ्या टोकाला नानांचा जीव होता.

करवतीची करकर थांबली की तो कान टवकारायचा. दोर सैल पडला की तो ओढून ताणून घ्यायचा. एकदा असा हिसका बसला की तळहात सोलून निघाला. त्याने टाचा रोवल्या आणि दोर आणखी घट्ट धरला.

खिशात फोन वाजला. थांबला. पुन्हा वाजला. बायकोच असणार, पहिला दिवस कसा चाललाय विचारायला. त्याने मान खाली केली नाही. डोळ्यांत भुसा पडला तरी पापणी मिटायची भीती वाटत होती. नोकरीचं आता त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. म्हातारा धडधाकट खाली येऊ दे, एवढंच तो देवाला विनवत होता.

"नाना?"

...

"नाना, आहात ना?"

"हाय की."

आवाज पाठीमागून आला. प्रणीत वळला. नाना कपड्यांवरचा भुसा झटकत उभे होते. झाडाच्या पलीकडल्या बाजूने उतरले होते, आणि हातात दुसऱ्याच दोराचं वेटोळं होतं.

"मग हा माझ्या हातातला?"

"वर फांदीला बांधलाय. मी ह्या दुसऱ्या दोरावर हुतो. मधनंमधनं तुझ्या दोराला मीच हिसकं देत हुतो."

प्रणीतचा चेहरा उतरला. राग आला, रडूही आलं. दोन तास त्याने एका फांदीसाठी जीव टांगणीला लावला होता.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नव्हता तुमचा."

"न्हवता."

"आणि काम?"

नानांनी त्याचा सोललेला तळहात उलगडून पाहिला. दुसऱ्या हाताने प्रणीतने दोर अजून धरलेलाच होता.

...

"सकाळी सातला ये," नाना म्हणाले. "उद्या ह्यो दोर मी माझ्या कमरंला बांधतो."