उत्तमचा खुलासा

"पण भंते, चाचणी खोटी नव्हती. मग माझं चुकलं कुठं?"

भंते विहाराच्या ओट्यावर बसून चिवराची उसवलेली कड शिवत होते. त्यांनी सुईत दोरा ओवला.

रत्नाकर शेजवळ खालच्या पायरीवर बसला होता. डोंगराच्या पायथ्याशी औद्योगिक वसाहत पसरलेली, आणि तिच्यातल्या ओतकामाच्या कारखान्यात त्याचा शब्द चालायचा. त्याच्या सहीशिवाय तिथं कुणी कामाला लागत नव्हतं आणि कुणी कामावरून जात नव्हतं. लोक त्याच्यापुढे उभं राहून बोलत. पायरीवर बसायची सवय त्याला राहिली नव्हती.

"कसली चाचणी?"

"नशेची. शेजारच्या कारखान्यात क्रेनवाल्याला नशेत डुलकी लागली, माणसं भाजली. मग आमच्याकडे नियम केला. मीच लिहिला."

"काय लिहिलंस?"

रत्नाकरचा आवाज एकदम ऑफिसातला झाला. "चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याचं नाव निघेल त्यानं लघवीचा नमुना द्यायचा, मग तो मॅनेजर असो की हमाल. नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हींना सील. एक भाग पट्टीवर बघायचा. पण पट्टी चुकू शकते, एखाद्या खोकल्याच्या औषधानंही फसते. म्हणून तिच्यावर काही निघालं तर दुसरा भाग मोठ्या लॅबला पाठवायचा. तिथून पक्कं झाल्याशिवाय माणसाला बोट लावायचं नाही."

"चांगला नियम आहे."

"तेच म्हणतोय मी."

"नाव कुणाचं निघालं?"

"उत्तमचं."

उत्तम दाभाडे आणि तो एका गावचे. आयटीआयला असताना दोघांत मिळून एक सायकल होती. चढावर उत्तम पायडल मारायचा आणि रत्नाकर मागं बसून त्याला परीक्षेत येणारं वाचून दाखवायचा. पुढं रत्नाकर शिकत राहिला, ऑफिसात जाऊन बसला. उत्तम क्रेनच्या केबिनमध्ये चढला. वितळलेल्या लोखंडाचं भांडं तो माणसांच्या डोक्यांवरून असं न्यायचा की खालच्या माणसानं तंबाखू मळायची थांबवू नये. रत्नाकर सकाळी शेडमध्ये शिरला की वरून क्रेनची घंटा वाजायची. कामासाठी नव्हे, उगाचच.

"लॅबनंही गांजाच सांगितला," रत्नाकर म्हणाला.

"त्या दिवशी तो नशेत होता?"

"ते त्यात कळत नाही, भंते. मागच्या आठवड्यात ओढला असला तरी येतो."

"मग कळतं काय?"

"ओढला होता, एवढंच."

"का ओढला होता?"

"... माहीत नाही."

भंतेंनी एक टाका घातला. मग दुसरा.

"नशा न करण्याचं पाचवं शील आपण सगळेच म्हणतो. उकळतं लोखंड आणि गांजा एका जागी नकोतच. तू त्याला खाली उतरवलंस, बरोबर केलंस."

येताना वाटेत रत्नाकरनं भंतेंच्या बोलण्याला उत्तरं जुळवली होती. भंते दयेचं बोलतील, मग आपण भाजलेल्या माणसांचं सांगू. आता सांगायला काही उरलं नव्हतं.

"बरोबर केलंस," भंते पुन्हा म्हणाले, "मग आलास कशाला?"

खाली कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला. रत्नाकरनं तो थांबू दिला.

"नवा क्रेनवाला चांगला आहे, भंते. घंटा वाजवतो, पण कामापुरती. वर्ष झालं. अजून मी शेडमध्ये शिरतो आणि मान आपसूक वर जाते. वर बघत उभा राहतो. लोकांना वाटतं, साहेब क्रेन तपासतायत."

भंतेंनी टाका ओढून घेतला.

"खुलासा घेतला होतास त्याचा?"

"घेतला. नियमातच आहे तसं. ऐकून घेतल्याशिवाय काढायचं नाही."

"काय म्हणाला?"

रत्नाकरनं पायरीवरचं वाळकं पान उचललं. त्याचा चुरा केला.

"आत आला, खुर्ची ओढून बसला. म्हणाला, 'रतन, तुला एकट्याला सांगतो.' ... खोलीत हेड ऑफिसचे दोघं बसले होते, भंते. ते माझ्याकडे बघायला लागले."

"मग?"

"मी म्हणालो, इथं साहेब म्हणायचं."

चिवरात शिरलेली सुई तिथंच थांबली.

"तो उठून उभा राहिला. म्हणाला, 'सांगण्यासारखं काही नाही, साहेब.' सही केली. गेला."

वाऱ्यानं पंचरंगी ध्वज दोरीवर आपटत राहिला.

"त्यानंतर भेटलास?"

"एकदा. बहिणीच्या गावी आहे, पोल्ट्रीच्या शेडवर. सगळं समजावून सांगितलं त्याला. नियम काय होता, धोका किती होता, माझे हात कसे बांधलेले होते. व्यसनमुक्ती केंद्राचा पत्ताही दिला. दुपारभर बोललो."

"आणि तो?"

"त्यानं चहा केला. मला पाहुण्यांचा कप दिला, बशीसकट. स्वतः पेल्यातून प्यायला." रत्नाकरनं हातातला चुरा झटकला. "आणि म्हणाला, 'बरोबर आहे, साहेब.'"

भंतेंनी थांबलेली सुई पुढे ओढली.

"आई होती तोवर रतन म्हणायची. ती गेली. आता रतन म्हणणारा तो एकटाच आहे, भंते, आणि तो म्हणत नाही."

भंतेंनी शेवटची गाठ मारली, दोरा दातानं तोडला. चिवर मांडीवर पसरून शिवण हातानं सारखी केली.

"पुन्हा जावंसं वाटतं. गाडी त्याच्या गावच्या फाट्यापर्यंत नेतो, आणि तिथून वळवतो. आता कोणत्या तोंडानं जाऊ त्याच्यापुढे?"

भंतेंनी चिवर बाजूला ठेवलं. वाकून त्यांनी आपला मोकळा तळवा रत्नाकरपुढे धरला, कुणी ठेव द्यावी आणि आपण घ्यावी तसा.

"तोंड इथंच ठेवून जा," ते म्हणाले. "मी सांभाळतो."