मापटे तेच, हात वेगळा

सुगी आटोपली की प्रभुदास महाराज प्रवरेकाठच्या चिंचोरे गावी येत आणि ख्रिस्तमंदिराच्या ओसरीवर मुक्काम करीत. अंगात खादीची कफनी, हातात एकतारी. कीर्तनात दृष्टांत हवा असला की महाराज कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली वस्तू मागून आणत. चाळण पुढे धरून म्हणत, "ही चांगलं पीठ सोडते अन् कोंडा धरून बसते. आपलं मन असं नसावं." सांडशी दाखवून म्हणत, "स्वतः चटके सोसते, दुसऱ्याचा हात वाचवते. आपला प्रभू असाच!"

महाराजांचे जेवण दरसाल एस्तेरबाईंकडे. गावातल्या ख्रिस्ती मंडळीच्या पंचांच्या त्या पत्नी. घर भरलेले, आणि मिजास त्याहून भरलेली. यंदा मात्र महाराज म्हणाले, "उद्या शेवंताबाईंच्या हातची भाकरी खाऊ."

शेवंता म्हणजे लोकांच्या रानात खुरपणारी विधवा! एस्तेरबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आपल्या तुपातल्या शिऱ्यापेक्षा हिची कोरडी भाकरी गोड? त्या दिवशी त्यांना अन्न गेले नाही.

सकाळी शेवंताच दारात उभी. "आक्का, मापटंभर पीठ द्या उसनं. महाराज जेवाया यायचेत."

त्या भागातली रीत अशी, की उसने पीठ देताना हात फिरवून माप सपाट करावे आणि फेडणारीने काठावर रास चढेल अशी शीग लावून परत करावे. शेवंता नेहमी शीग लावी. एस्तेरबाईंनी माप सपाट तर केलेच, वर आत अंगठाही दाबून धरला. "घे. मापटंच घेऊन जा, फेडताना चुकायला नको," त्या ओठ मुडपून म्हणाल्या.

तेवढ्यानेही त्यांचा जीव थंड होईना. मग त्या घरोघर सांगत सुटल्या, "शेवंतानं सगळ्या मंडळीला जेवाया बोलावलंय!"

दुपारी शेवंताचे अंगण माणसांनी भरून गेले. ती बिचारी पांढरीफटक पडली. "महाराज, मडक्यात एवढंसं पीठ हाये. आज माझी लाज जाती!" एस्तेरबाई उंबऱ्याशी उभ्या राहून सुखावत होत्या.

महाराजांनी डोळे मिटून प्रार्थना केली. मग म्हणाले, "प्रभूला बोलवायचं अन् हात आखडायचा, असं नको. शेवंताबाई, मापटं काढा. शीग लावून."

शेवंताने पीठ काढले, मळले, थापले. पुन्हा काढले. काय सांगावे! मडक्यातले पीठ होते तेवढेच! एक पंगत उठली, दुसरी बसली. एस्तेरबाई मात्र जळफळल्या. देवाने चमत्कार करायचा, तोही हिच्या झोपडीत?

"एस्तेरबाई," महाराज म्हणाले, "शेवंताबाई दमल्या. आता पीठ तुम्ही काढा."

एस्तेरबाईंनी मापटे भरले, सवयीने त्यावरून हात फिरवला, आणि मडक्याचा तळ दिसला! पुन्हा मापटे घातले, तर ते नुसते तळाला खरखरले. तवा रिकामाच तापत राहिला.

अंगणात शेवटची पंगत ताटकळली होती. तिच्यातून आंधळे शामुवेलबाबा म्हणाले, "एस्तेर, तूच सांगून गेली व्हतीस ना जेवायचं? बसलोय गं पोरी."

शेवंताने मान वर करून पाहिले. तिला सगळे कळले. एस्तेरबाईंना ती नजर सोसवेना.

"व्हय, म्याच बोलावलं," त्या रडत म्हणाल्या. "हिची फजिती व्हावी म्हणून. सकाळी मापात अंगठाबी घातला, महाराज!"

"आपण दुसऱ्याला जसं मापतो, तसंच आपल्या पदरात पडतं, बाई. मापटं बदलायला नको," महाराज म्हणाले. "हात बदला."

एस्तेरबाईंनी मापटे पुन्हा त्या रिकाम्या मडक्यात घातले. वर आले ते शीग भरून, पीठ मनगटावर ओघळत! त्या महाराजांच्या पायांवर वाकल्या, तसे महाराज मागे सरले. "नमन प्रभूला करा. अन् क्षमा मागायची, ती तिकडं चुलीपुढं."

पंचांच्या पत्नीने खुरपणारीच्या पायांवर डोके ठेवले. शेवंताने पिठाच्या हातांनीच त्यांना उठवले.

"उठा आक्का, तवा तापलाय. बाबा उपाशी हायेत."