सासऱ्याचा हट्ट

एका गावात हरबा नावाचा एक भोळा बाप होता. बाप होण्याआधीही तो भोळाच होता, पण तेव्हा ते फक्त गुरांना ठाऊक होतं. खुरपणीला गेला की तण ठेवून पीक उपटायचा. म्हणून शेतात त्याची बायको कौसा जायची आणि दोन वर्षांची सुंदी हरबाकडे असायची. हरबाचा सगळा जीव त्या पोरीत.

सासऱ्यानं मात्र बजावून ठेवलं होतं, "जावईबापू, आणखी एक वेडेपणा कानावर आला, तर लेक आणि नात घेऊन जाईन."

एकदा सुंदी अंगणात पडली. हरबानं बोंब ठोकून गाव गोळा केलं.

कौसा म्हणाली, "अहो, लेकरू पडलं की धावत सुटू नये. शेजारी बसावं. 'काही नाही झालं, ऊठ बाळा' म्हणावं. आपलं आपण उठतं."

हरबानं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गंगूकाकू उकिरड्यात पडल्या. हरबा शांतपणे शेजारी बसला.

"काही नाही झालं, ऊठ बाळा."

"मेल्या, हात दे!"

"नाही काकू. आपलं आपण उठायचं."

कौसानं कपाळाला हात लावला. "अहो, मोठ्या माणसाला हात धरून वर ओढावं!"

हरबानं मान डोलावली. नदीवर देवळाचे गुरव बुडी मारून अंघोळ करत होते. हरबानं त्यांना हात धरून काठावर ओढलं. धोतर नदीतच राहिलं. काठावर बायका धुणं धूत होत्या.

कौसा म्हणाली, "अहो, माणसाला हवं-नको आधी विचारावं!"

हरबानं मान डोलावली आणि सुंदीला विचारलं, "जेवतेस का?"

"नाई!"

"बरं," म्हणून ताट उचलून ठेवलं. दिवसभर हेच. संध्याकाळी पोर भुकेनं भुई थोपटत होती.

"अहो, या वयात लेकरू सगळ्यालाच नाही म्हणतं," कौसा म्हणाली. "हट्टाला पेटलं की समोर उकिडवं बसावं आणि दोन गोष्टी पुढं ठेवाव्या. भात वाटीत की ताटलीत? फक्त, दोन्ही गोष्टी आपल्याला चालणाऱ्या हव्यात."

कौसा हे शेवटचं सांगत असतानाच सुंदी खिदळली. हरबा तिच्याकडे बघत राहिला आणि ते शेवटचं ऐकायचं राहूनच गेलं.

"भात वाटीत की ताटलीत?"

"तातलीत!" सुंदी ताटली चाटूनपुसून जेवली. हरबाची छाती फुगली.

तेवढ्यात सासरा चालत आला. वाटेत त्याला गुरव भेटले होते. अंगणात पाय आपटत तो ओरडला, "लेकीला नेणार म्हणजे नेणार!"

"बाबा, ऐकून तरी घ्या," कौसा रडकुंडीला आली.

"नाही!"

"पाणी तरी प्या."

"नाही!"

हरबानं बघितलं. तोंड लाल, पाय आपटणं, सगळ्याला नाही. त्यानं ओळखलं. म्हाताऱ्यापुढं उकिडवा बसला आणि गोड आवाजात म्हणाला, "मामा, लेकीला आत्ता नेता की जेवून नेता?"

म्हातारा थबकला. असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"जेवून," तो म्हणाला.

"भात वाटीत की ताटलीत?"

"ताटलीत."

"पायी नेता की माझ्या गाडीतून?"

"गाडीतून."

"गाडी परत धाडता की ठेवून घेता?"

"ठेवून घेतो," म्हातारा मऊपणानं म्हणाला.

बायको, पोर, गाडी, बैल, सगळं वेशीबाहेर गेलं. हरबा दारात हात हलवत उभा राहिला. मग गंगूकाकूंकडे वळून अभिमानानं म्हणाला, "बघितलंत काकू? एवढा हट्टी म्हातारा, पण एकदासुद्धा रडला नाही!"