सटवाजी कुंभारानं केलेलं नाक

फार फार वर्षांमागं, निवाडे चावडीवर व्हायचे तेव्हाची ही गोष्ट. आमच्या खोलदऱ्यात सटवाजी नावाचा माणूस होता. कापलेलं नाक तो नव्यानं करून द्यायचा.

म्हातारी मंडळी सांगतात, तो पाटलांच्या घराण्यातला, देवीनं स्वप्नात येऊन त्याला विद्या दिली. साफ खोटं. आपल्याकडं हेळवी येतो, बैलावर बसून, घराघरांची वंशावळ वाचत. त्याच्या चोपडीत सरळ लिहिलंय: सटवाजी बिन म्हाळोजी, कुंभार. बाप हाडं बसवायचा, आजा गुरांच्या जखमा शिवायचा. तीन पिढ्यांची हातोटी ती. एवढं मोठं काम कुंभारानं केलं हे पचत नाही, म्हणून मध्ये देवी आणायची.

त्याची रीत अशी. आधी मातीचं नाक घडवायचा. त्यावर मेणाचा पातळ पापुद्रा बसवायचा, तो कपाळावर सपाट पसरायचा आणि तेवढंच कातडं सोडवून खाली वळवायचा. श्वासाला एरंडाच्या दोन नळ्या. एका जुन्या कागदात नोंद आहे, लढाईतून आलेल्या शिलेदाराचं नाक केलं म्हणून त्याला पागोटं मिळालं. असं म्हणतात, त्यानंतर घाटाखालून माणसं तोंडाला फडकं बांधून यायची आणि फडकं इथंच टाकून जायची.

मग शके सोळाशे ब्याण्णव उजाडलं. भागाई नावाच्या विधवेच्या शेताचा बांध पाटलानं सरकवला. निवाड्याची सभा बसायला महिना होता. आणि गावाचा दंडक असा, की नकट्या माणसाची साक्ष धरायची नाही. पाटलानं भागाईचं नाकच कापवलं. पंच गप्प बसले. हेच आपले थोर पूर्वज.

भागाई तडक कुंभारवाड्यात गेली.

"सभेच्या आधी होईल?"

"पंचवीस दिवस लागतील. पण तोवर बोलायचं नाही."

"पाटलाला तेच पाहिजे."

"पंचवीसच दिवस, माय. मग बोल जन्मभर."

पाटील दारात आला. म्हणाला, "सटव्या, तू मडकी घडव. माणसं घडवायला देव आहे."

"देवानं घडवलंच होतं, पाटील. फोडलं तुम्ही."

पाटलानं मडकी भाजायचा भरलेला आवा फोडला, वर्षाची कमाई मातीत गेली. सटवाजीनं त्या खापरांवरच हात धुतले आणि चाकू हातात घेतला. भर बाजारच्या दिवशी, उघड्या अंगणात. असं म्हणतात, चाकू चालला तोवर अख्ख्या बाजारात एक कोंबडंही ओरडलं नाही.

सभेच्या सकाळी भागाई चावडीवर उभी राहिली. पंचांनी नाक बघितलं, ओढून बघितलं. नाक जागचं हललं नाही.

"खऱ्या बांधाचा दगड कुठंय, दाखव," पंच म्हणाले.

असं म्हणतात, तिनं डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि वास घेत निघाली. नाल्यावरून, खळ्यावरून, थेट पाटलाच्या कडब्याच्या गंजीपाशी. "इथं खणा." कमरेएवढं खणलं आणि दगड लागला.

नाकाला खरंच वास आला की दगड पुरताना तिनं बघितलं होतं, मला ठाऊक नाही आणि फरकही पडत नाही. दगड निघाला. निवाड्याचा कागद अजून आहे. खाली पंचांच्या सह्यांच्या जागी नांगर काढलेत, आणि कोपऱ्यात बांगडी. ती भागाईची खूण. शेत तिचं राहिलं.

सटवाजी कधी वारला, कुठं लिहिलेलं नाही. पण खोलदऱ्याच्या सभेत आजही पहिला शब्द बाईचा. त्याला 'सटवाजीचा शब्द' म्हणतात. ती बोलून होईपर्यंत बाकीच्यांनी खोकायचंही नाही.

गेल्या साली एका आबांना घाई झाली. "आधी रस्त्याचं घेऊ, बायकांचं काय ते मागनं."

कुंभारवाड्यातली सून बोलायला उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "आबा, खाली बसा."

आबा बसले.