हरिहरची लाकडी जमीन

“बुवा, लाकूड माणसाचं ऐकत का नाही?”

हरिहरच्या प्रश्नाने निरंजनबुवा उंबऱ्यातच थांबले. आत खोलीच्या मधोमध नवी लाकडी जमीन पोळीसारखी फुगली होती.

हरिहरने ती उन्हाळ्यात स्वतः घातली होती. सागवानी पट्ट्या एकमेकींत अडकवून, तिरकस नक्षीत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. श्रावणाच्या दमट हवेत ती उठली.

“काल सासूबाई ठेचकाळून पडल्या,” त्याची बायको रेणुका म्हणाली. “आज दुपारी माणसं येतायत. हे सगळं उखडून साधी फरशी घालणार.”

“ही खाली कशी दाबू, तेवढं सांगा बुवा. पाटा ठेवून झाला, तांदळाचं पोतं ठेवून झालं...”

“शेवटी स्वतःच जाऊन बसले वर!”

हरिहरने तिकडे लक्ष दिलं नाही. “माझ्या कामात चूक नाही. भिंतीपाशी पोस्टकार्ड सरकवून बघा. जाणार नाही.”

“खरंच जाणार नाही?”

“केससुद्धा नाही!”

“वा...”

हरिहरची मान ताठ झाली. रेणुकाने कपाळाला हात लावला. “बुवा, तुम्हीसुद्धा...”

स्वयंपाकघराकडे एक अरुंद बोळ जात होता. बुवा त्यात जाऊन एका भिंतीला टेकले.

“या दोघं. खांद्याला खांदा लावा. हरिहरा, तू मध्ये.”

तिघांनी बोळ भरला.

“फट राहिली?”

“नाही बुवा.”

“केसाएवढी?”

“तेवढीही नाही!”

“आता सगळ्यांनी छाती भरून श्वास घ्या.”

हरिहर बाटलीच्या बुचासारखा पुढे फेकला गेला.

रेणुकाला हसू आवरेना. “बुवा, दाबू का यांना खाली?”

हरिहर हसला नाही. खोलीत जमीन भिंतीला भिडली होती, तिकडे तो बघत राहिला...

मग छिन्नी आणायला धावला.

चारही भिंतींलगतची कड त्याने कापली. ज्या कडेचा त्याला सगळ्यात जास्त अभिमान होता, तीच. शेवटचा तुकडा निघाला तशी जमीन करकरली. उंचवटा हळूहळू उतरू लागला.

दुपारी माणसं पहारी घेऊन आली. रेणुका दारात आडवी उभी होती.

“परत जा,” ती म्हणाली. “आमची जमीन जागेवर आली.”

आत सासूबाई काठीशिवाय या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. कौतुकाने पुन्हा परत आल्या. हरिहरने मांडीवर थाप मारली.

“जिंकलो, बुवा!”

मग त्याची नजर भिंतीपाशी गेली.

“पण ही बोटभर जागा... अशी रिकामीच ठेवायची?”

बुवा चपला घालत होते.

“रिकामी? अरे, अख्खी जमीन तिच्यावर तर उभी आहे.”