मुरुडशेंगेचा वाख

पूर्वी कोसल देशात सुषेण राजाचे राज्य असताना बोधिसत्त्व रानालगतच्या एका खेड्यात, सालीच्या तंतूंचा वाख काढून विणणाऱ्यांच्या घरी जन्माला आले. त्यांचे नाव भद्रक. मुरुडशेंगेच्या झुडपाचे फोक तोडायचे, भारे बांधून ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडांखाली दाबायचे, साल सुटली की सोलून, बडवून, धुऊन वाख वाळवायचा. मग मांडीवर पीळ देऊन सूत करायचे आणि बैलांच्या पाठीवर माल लादायच्या गोण्या विणायच्या, हा त्यांचा धंदा.

भद्रकाची बायको विपुला दूरच्या नगरातली. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने आईला पाहिले नव्हते. वाट वाघाच्या रानातून होती. व्यापाऱ्यांच्या तांड्यावाचून कोणी जात नसे. पान वाजले तरी दचकणारी ती बाई, पण आईची आठवण आली की त्या वाटेवर एकटी जाऊन उभी राही.

त्या वर्षी तांड्याचा नायक तिला म्हणाला, "ताई, माझ्या गोण्या फाटल्यात. परत येईन तेव्हा नव्या तयार ठेव, एक बैल तुझ्यासाठी मोकळा ठेवतो. आईच्या दारातच उतरवतो, मग तर झालं?"

विपुलेचे पाय जमिनीला लागेनात. पण उन्हाळा कडक निघाला आणि ओढा आटला. रानात पाणी उरले ते एका तळ्यात. साचलेल्या पाण्यात भारे घालायचे नाहीत, अशी गावाची रीत. कुजणारी साल पाणी नासवते. विपुलेला हे ठाऊक होते. तरी नवरा रानात गेलेला पाहून तिने भारे तळ्यात दाबले.

साल सुटली का पाहायला ती गेली, तर पाणी काळे पडले होते. मासे वर येऊन तोंडे उघडमीट करीत होते. पलीकडे एक हरिणी पाडसाला घेऊन आली. तिने तोंड खाली नेले आणि झटकन मागे घेतले. पण ती गेली नाही. पाण्याकडे बघत तशीच उभी राहिली.

मागून आवाज आला आणि विपुला केवढ्यांदा दचकली! भद्रक होता.

"भारे काढायला आलोय," तो म्हणाला.

"थोडं थांबा हो. साल सुटत आलीय. पावसाळ्यात तळं पुन्हा भरेलच की."

"तोवर ही काय पिईल?"

"आणि माझी आई? तिनं किती वाट बघायची?"

भद्रक म्हणाला, "तुझ्या आईला आणखी वाट बघावी लागेल, विपुले. तुझा राग मी सोसेन. पण भारे काढणार." आणि तो पाण्यात उतरला.

विपुला रडत उभी होती. हरिणीही हलली नव्हती. ते तसे उभे राहणे विपुलेला फार ओळखीचे वाटले. पदर खोचून तीही उतरली.

पाणी निवळेपर्यंत दोघांनी ओढ्याच्या वाळूत झरा खणून जनावरांसाठी डोण भरली. फोक गवतावर पसरले, दवाने साल सुटावी म्हणून. उन्हाळ्यात दव ते किती! तांडा आला तेव्हा एकही गोणी झाली नव्हती. फाटक्या गोण्यांत न मावलेला माल मोकळ्या बैलावर लादावा लागला. ओझे मी पाठीवर घेतो, असे भद्रक म्हणाला.

"बैलाचं ओझं ते, दादा," नायक म्हणाला. "रानात तू थकून बसलास तर सगळा तांडा बसेल. पुढल्या वर्षी नेतो ताईला."

धूळ खाली बसेपर्यंत विपुला वाटेवर उभी होती.

पुढल्या वर्षी गोण्या तयार होत्या. तांडा आला तो आई गेल्याची खबर घेऊन.

"आपलं चुकलं का हो?" तिने विचारले.

"ठाऊक नाही," भद्रक म्हणाला. "पण एवढी ओढ वाया जात असेल, असं मला वाटत नाही."

एवढे सांगून शास्ता बुद्ध थांबले. मग म्हणाले, "भिक्षूंनो, तो भद्रक मी होतो. विपुला म्हणजे ही तरुण भिक्षुणी तिष्या. आणि जी वाट बघता बघता गेली, ती आई म्हणजे ही वृद्ध पूर्णिका. तिष्या पहिल्यांदा विहारात आली तेव्हा पूर्णिकेच्या तोंडून निघून गेले, 'किती उशीर केलास गं!' का, ते हिलाही कळले नाही. आपली तहान तशीच ठेवून जो परक्याची तहान जाणतो, त्याच्या त्या गुणाला मैत्री म्हणतात."